साथीत मंडळी धरून ठेवायची कशी? खानदेशातल्या लहान चर्चसाठी पायरी-पायरीने

22 मार्च 2020 हा रविवार होता, जनता कर्फ्यूचा. त्या सकाळी आमच्या चर्चची घंटा वाजली नाही. दोन-तीन रविवारांचा प्रश्न आहे असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळीच्या पाडव्याला. एप्रिल 2021 मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. हे सगळे महिने आमची साक्री तालुक्यातली त्रेचाळीस घरांची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, एकमेकांना धरून राहिली. पण त्याची रीत सापडायला आम्हाला एक महिना लागला, आणि त्या महिन्याची चूक आधी सांगते, कारण बहुतेक लहान मंडळ्या तीच चूक करतात.

दुसऱ्याच रविवारी आमच्या तरुण संघाने मोबाइलवरून लाइव्ह भक्ती सुरू केली. पोरांनी मनापासून केलं, पाळकसाहेबांनी (आमच्या पास्टरांनी) सुरेख संदेश दिला, खाली भराभर ‘आमेन’ उमटले. आम्ही पंच, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी माणसं, समाधानी झालो. एप्रिलच्या मध्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या आजींशी मंडळीतलं कुणीच बोललेलं नाही. एकोणीस दिवस. त्यांच्याकडे बटणाचा फोन, त्याचं रिचार्ज संपलेलं, त्यामुळे आलेला फोनही लागत नव्हता. मग आम्ही वही काढून मोजलं, तर लाइव्ह बघणारी घरं नऊ निघाली. त्रेचाळीसपैकी नऊ.

तेव्हापासून आमचा नियम एकच आहे, आणि या लेखातली प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. योजना आखताना सुरुवात सगळ्यात कमजोर फोनपासून करायची, चांगल्या फोनपासून नाही. आजींपर्यंत पोहोचणारी रीत सगळ्यांपर्यंत पोहोचते. तरुण संघाची रीत तरुण संघापर्यंतच थांबते.

पहिली पायरी : घरांची वही

हे काम साथ येण्याआधी करायचं असतं. आज चर्च उघडं आहे, तर येत्या दोन रविवारी भक्तीनंतर अर्धा तास बसून करून टाका. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पूर्ण पान द्या. चर्चच्या सभासद पुस्तकावरून नुसती नक्कल करू नका, कारण त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव असतं आणि फोन भलत्याच माणसाच्या हातात असतो.

पानावर काय हवं? घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वय. फोन किती, कोणाकडे, बटणाचा की स्मार्ट. दिवसा तो घरी असतो की कामावर जाणाऱ्याच्या खिशात, हे नक्की लिहा, कारण आमच्या सात घरांत एकच फोन होता आणि तो संध्याकाळी सातनंतरच घरी यायचा. रिचार्ज कधी संपतं ती तारीख. शेजाऱ्याचा नंबर, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो. आमच्या अर्ध्या अडचणी शेजाऱ्यांनीच सोडवल्या. रोजच्या गोळ्या कोणाला लागतात, साखरेच्या, बीपीच्या, झटक्यांच्या, आणि त्या कुठून येतात. रेशनकार्ड कोणतं. घरात कोणती बोली चालते. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेलं कोण आहे, कोणत्या गावी, आणि तिथल्या मुकादमाचा नंबर. हा शेवटचा रकाना आम्ही मागाहून वाढवला. गुजरातेत अडकलेल्या आमच्या दोन कुटुंबांना शोधायला चार दिवस गेले, तेव्हा त्याची किंमत कळली.

सगळं लिहून झालं की प्रत्येक नंबरवर तिथल्या तिथे एकदा रिंग द्या. आमच्या वहीतले अकरा नंबर चुकीचे किंवा बंद होते.

वहीच्या दोन प्रती करा, एक पाळकांकडे आणि एक सेक्रेटरीकडे. हिचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत. लोकांची दुखणी आणि कोणाच्या घरी काय नाही, हे त्यात आहे. विश्वासाने सांगितलेलं आहे, ते विश्वासानेच ठेवायचं.

दुसरी पायरी : पाच घरांमागे एक माणूस

त्रेचाळीस घरांना पाळक रोज फोन करू शकत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी करून पाहिलं, घसा बसला. मग आम्ही पाच-पाच घरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा दिला. पाचचा आकडा उगाच नाही. साध्या मोबाइल नेटवर्कवरच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये फोन लावणारा धरून साधारण सहा जण बसतात. म्हणजे ताई आणि तिची पाच घरं, इंटरनेटशिवाय, एकाच वेळी बोलू शकतात. बटणाच्या फोनवाल्याला काहीच करावं लागत नाही, फोन उचलला की झालं.

गट पाडताना मैत्री पाहू नका, बोली आणि वाट पाहा. आमच्याकडे काही घरांत अहिराणी, काहींत कोकणी (कोकणा आदिवासींची बोली), नवापूरकडून आलेल्यांत मावची. आजारपणाचं, भीतीचं बोलणं माणूस आपल्या बोलीतच करतो. शुद्ध मराठीत विचारलं तर ‘बरं आहे’ येतं. अहिराणीत विचारलं तरी आधी ‘बरं शे’च येतं, पण पुढच्या वाक्याला खरं बाहेर पडतं. वाट म्हणजे ताई चालत त्या घरी जाऊ शकेल का. फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी दारापाशी उभं राहून हाक मारता आली पाहिजे.

वेगळं राहणाऱ्या दोन भावांचं वितुष्ट असेल, तर त्यांना वेगवेगळ्या गटांत ठेवा. साथीच्या काळात भांडण मिटेल ही आशा धरावी, पण गट त्या आशेवर उभा करू नये.

फोनची वेळ ठरलेली हवी. आम्ही मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ही वेळ धरली. दूध काढून झालेलं असतं, फोन घरी आलेला असतो, आणि लाइट बहुधा असते. वेळ ठरली की माणूस वाट पाहतो, आणि एकट्या माणसाला वाट पाहायला काहीतरी असणं हे मी फार मोठं औषध मानते.

काय विचारायचं हेही ठरवून घ्या. ‘कसे आहात?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आम्ही ताया-दादांना चार प्रश्न पाठ करून दिले होते. आज काय शिजवलं? (यातून घरात धान्य आहे की नाही ते कळतं, आणि मागायची लाज वाटत नाही.) गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? रात्री झोप लागली का? आणि या आठवड्यात तुम्ही कोणाशी बोललात? चौथ्याचं उत्तर ‘कोणाशीच नाही’ असं आलं, तर त्या घराला रोज फोन. शेवटी एक ओवी, म्हणजे शास्त्रातलं एक वचन, आणि लहान प्रार्थना. तीही आळीपाळीने, फोन करणाऱ्यानेच केली पाहिजे असं नाही. आमच्या गटात सगळ्यात चांगली प्रार्थना करायला लागलेला माणूस चर्चमध्ये दहा वर्षं मागच्या बाकावर गप्प बसायचा.

ताया-दादांनी ऐकलेलं कुठे सांगायचं? फक्त पाळकांना, तेही रविवारच्या आदल्या रात्री. आणि सहा आठवड्यांनी माणूस बदला. दुसऱ्यांची दुःखं ऐकून ऐकून फोन करणारा पिचून जातो. आम्ही हे उशिरा ओळखलं. एक ताई आतून खचली होती आणि आम्हाला वाटत होतं तिचं छान चाललंय.

तिसरी पायरी : रविवारची भक्ती, कमजोर फोनपासून वर

कागद, फोन, आवाज आणि मग चित्र, या क्रमाने जायचं. चित्र शेवटी.

कागद म्हणजे दर आठवड्याला एक पान, पाठपोट, मोठ्या अक्षरांत झेरॉक्स केलेलं. वर तारीख, मग दोन गाण्यांचे गीतपुस्तकातले क्रमांक आणि पहिली कडवी, शास्त्रपाठ पूर्ण छापलेला (नुसता अध्याय आणि ओवी नको, कारण चष्मा मोडलेली माणसं पवित्र शास्त्राचे बारीक ठसे वाचू शकत नाहीत), संदेश तीनशे-चारशे शब्दांत, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी विषय. तळाशी एक ओळ : ‘सकाळी दहा वाजता आपण सगळे आपापल्या घरी हेच वाचत आहोत.’ ही ओळ गाळू नका. लोकांना ‘आपण एकत्र आहोत’ हे त्या दहाच्या ठोक्यामुळेच वाटतं. आमचा कागद शनिवारी दुधाबरोबर आणि किराणाबरोबर जायचा. कागद वाचायला नातवंडं लागतात, त्यामुळे घरची भक्ती आपोआप मुलांच्या तोंडून होऊ लागली.

फोन म्हणजे वर सांगितलेला कॉन्फरन्स कॉल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ताई तोच कागद वाचून दाखवते. एकाला फोन लावा, त्याला थांबवून दुसऱ्याला लावा, मग ‘मर्ज’ दाबा. असं करत पाचजण जोडा. सगळ्यांनी एकदम गाऊ नये. नेटवर्कवर आवाज मागे-पुढे पोहोचतो आणि गाण्याचा गोंधळ होतो. एकाने गावं, बाकीच्यांनी आपल्या घरात त्याच्याबरोबर गुणगुणावं आणि आपला फोन म्यूट ठेवावा. बटणाच्या फोनवर म्यूट सापडत नसेल तर माइकच्या भोकावर अंगठा धरायला सांगा, पुरतं.

आवाज म्हणजे पाळकांचा ध्वनिमुद्रित संदेश, बारा मिनिटांच्या आत. पंचेचाळीस मिनिटांचा संदेश चर्चमध्ये ऐकता येतो, कानाला फोन लावून नाही. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा, गाद्या-रजया असलेल्या खोलीत बसा, भिंती रिकाम्या असल्या की आवाज घुमतो. खानदेशातल्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं ही शिक्षाच आहे, म्हणून आमचे पाळक पहाटे साडेचारला मुद्रण करायचे. तेव्हा रस्ताही शांत असतो.

व्हॉट्सअॅपवर दोन गट ठेवा. एकात फक्त अॅडमिन लिहू शकतील अशी सेटिंग करून सूचना आणि ध्वनिफीत टाका. दुसरा बोलण्यासाठी. एकाच गटात दोन्ही ठेवलं की सुप्रभातच्या फुलांखाली अंत्यविधीची सूचना गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश पोहोचत नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. औषधाचे, लशीचे, सरकारी आदेशाचे फॉरवर्ड गटात आले तर पाळकांनी किंवा मंडळीतल्या नर्सताईंनी पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका.

चित्र म्हणजे व्हिडिओ. झूमच्या मोफत खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत तुटते; लहान मंडळीला ही मर्यादा सोयीचीच आहे, तेवढ्यातच बसवा. पहिली दहा मिनिटं नुसती एकमेकांचे चेहरे पाहायला आणि सलाम करायला सोडा. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये 2020 च्या एप्रिलपर्यंत चारच जण बसत, मग आठ झाले, आता बत्तीस बसतात. आमच्या गटाला आता तेही पुरतं.

जिथे रेंजच नाही

आमची दोन घरं धडगावच्या बाजूला आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर फोन असला तरी रेंज ठरावीक टेकाडावरच मिळते, हे तिकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. अशा घरांसाठी टेकाड आणि वार ठरवा. ‘बुधवारी, बाजाराला निघताना, नऊच्या सुमारास वर या’, असं. पाच मिनिटं बोलणं होतं, पण ते चुकत नाही.

दुसरा उपाय मेमरी कार्ड. साधं कार्ड घ्या, त्यात चार आठवड्यांचे संदेश आणि गाणी भरा, आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर किंवा जीपवाल्याबरोबर पाठवा. जुनं कार्ड परत येतं, नवं जातं. यात आम्ही एकदा फसलो. व्हॉट्सअॅपवर मिळालेला आवाज तसाच कार्डात टाकला, तर त्याची फाइल बऱ्याच बटणाच्या फोनवर वाजतच नाही. ती आधी एमपीथ्रीमध्ये बदलून घ्या. मोबाइलच्या दुकानात गाणी भरून देणारा मुलगा हे दोन मिनिटांत करून देतो. कार्डाच्या शेवटी मंडळीतल्या चार-पाच जणांचे आवाज घाला. नुसतं नाव, सलाम, आणि ‘तुमची आठवण आहे’. धडगावच्या घरातून निरोप आला होता की संदेशापेक्षा हेच पुन्हा पुन्हा लावलं जातं. पाळकसाहेबांना त्याचा आनंदच झाला.

शक्य असेल तर एखादा संदेश त्यांच्या बोलीत करा. पाळकांना येत नसेल तर मंडळीतल्या ज्या बाईला किंवा बाबाला येते त्यांना सांगू द्या, व्याकरणाची काळजी न करता.

पैसा, धान्य आणि हिशोब

चर्च बंद असलं तरी पाळकाच्या घरची चूल बंद नसते. लहान मंडळीत दानपेटी थांबली की पहिला फटका त्या घराला बसतो आणि ते बोलत नाहीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात पंचांनी पगाराचं ठरवून टाकावं.

दानासाठी प्रत्येक घराला तारखा लिहिलेली पाकिटं द्या. दर रविवारी घरी पाकिटात टाकायचं, महिन्याने गटाच्या दादाने दुसऱ्या एका माणसाला बरोबर घेऊन गोळा करायचं आणि तिथेच पावती द्यायची. एकट्याने पैसे कधीच मोजू नयेत. यात संशय नाही, त्या माणसाचं रक्षण आहे. यूपीआय घ्यायचं तर क्यूआर कोड ट्रस्टच्या बँक खात्याचा असावा, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको. धर्मादाय कार्यालयात हिशोब द्यावा लागतो, आणि लोकांनाही स्वच्छ वाटतं.

ज्यांच्या हातात पैसा नव्हता त्यांनी धान्य दिलं. रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ डब्यात बाजूला, शनिवारी ताईकडे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, जे असेल ते. त्याच धान्यातून सहा घरं जवळपास दोन महिने चालली. कोणाला दिलं हे मंडळीत जाहीर केलं नाही, आणि वाटताना फोटो काढायला आम्ही सक्त मनाई केली होती. यादीत एक रकाना रिचार्जचाही ठेवा. दीडशे-दोनशे रुपयांचं रिचार्ज हे त्या काळात धान्याइतकंच गरजेचं दान आहे.

परदेशातल्या कुणा मित्राने किंवा संस्थेने मदत देऊ केली तर हुरळून जाऊ नका. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी नागरिकाचे किंवा संस्थेचे पैसे मंडळीला घेता येत नाहीत. 2020 च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. नम्रपणे नाही म्हणा.

दुखणं घरात आलं तर

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आईबापांकडून मानमोडीच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. 1918 च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे हेच नाव होतं. त्या गोष्टींत नेहमी एक वाक्य असायचं : दारावर कुणी येईना. आम्हाला ते पुन्हा घडू द्यायचं नव्हतं, आणि संसर्गही वाढवायचा नव्हता. म्हणून रीत ठरवली. आजारी घराच्या ओट्यावर डबा ठेवायचा, दहा हात मागे सरायचं, हाक मारायची, आणि घरातलं कुणी दारात येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. नुसता डबा ठेवून निघून जायचं नाही. त्या चार वाक्यांसाठी माणूस दिवसभर कान लावून बसलेला असतो.

मंडळीने दोन ऑक्सिमीटर विकत घ्यावेत. कोविडसारख्या आजारात ऑक्सिजनचा आकडा 94 च्या खाली राहू लागला की डॉक्टरला फोन, आणि श्वास लागत असेल तर आकड्याची वाट न पाहता 108. बोटाला नेलपॉलिश असेल किंवा हात गार पडला असेल तर आकडा चुकतो. प्रार्थना आणि दवाखाना यांत निवड करायला लावणारं बोलणं मंडळीत कोणीही करत असेल, मग तो कितीही आत्मिक माणूस असो, पाळकांनी त्याला त्याच दिवशी स्पष्ट थांबवावं. आम्ही थांबवलं. लस आली तेव्हा पाळक आणि पंच पहिल्या रांगेत गेले आणि तसं सगळ्यांना कळवलं, त्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

आजाऱ्याचं नाव प्रार्थनेच्या विषयात घालण्याआधी घरच्यांना विचारा, प्रत्येक वेळी. आमच्या एका कुटुंबाचं नाव चांगल्या हेतूने गटात गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला दुकानात माल देईनात. आम्ही त्यांची क्षमा मागितली. ‘मंडळीतल्या एका बहिणीसाठी’ एवढं म्हटलं तरी देवाला कळतं.

दवाखान्यात जाणाऱ्यासाठी एक पिशवी तयार ठेवा. चार्जर, लांब वायर, कागदावर मोठ्या अंकांत लिहिलेले चार नंबर, चष्मा, लहान शुभवर्तमान. वॉर्डात फोन बंद पडला की माणूस जगापासून तुटतो, आणि नंबर पाठ कुणालाच नसतात. झोप उडालेली, भीतीने ग्रासलेली माणसं घरीही असतात. त्यांच्यासाठी आता 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, तो कागदाच्या तळाशी कायम छापा.

मृत्यूबद्दल आधी बोलून ठेवायला लोक कचरतात, पण लहान मंडळीने हे ठरवून ठेवलंच पाहिजे. कबरस्थानाची जागा कोणाच्या नावावर आहे, कागद कुठे आहेत, खड्डा कोण खणणार, गाडी कोणाची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 15 मार्च 2020 लाच काढलेल्या सूचनांत कोविडने गेलेल्याचं दफन करता येतं हे होतं, आणि मे 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही वांद्र्याच्या कबरस्थानांबाबतच्या प्रकरणात दफनाच्या बाजूने निर्णय दिला. तरी गावात ऐन वेळी विरोध होतो. तेव्हा कागद दाखवत बसण्यापेक्षा आधीच सरपंच, पोलीस पाटील आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून ठेवलेलं उपयोगी पडतं.

त्या वेळी अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. कोण येणार हे घरच्यांना ठरवू द्या. एका शांत माणसाच्या हातात फोन द्या, त्याने दुसरं कुठलंही काम न करता कॉन्फरन्स कॉल जोडून फोन पाळकांजवळ धरायचा. शेवटचं गाणं सगळ्यांनी आपापल्या घरी गायचं. आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. ज्या घरात मरण झालं त्या घरी सहा आठवडे रोज एक फोन, रोज वेगळ्या माणसाचा, वहीत वार लिहून. भेटीला येणाऱ्यांनी भरून जाणारं घर त्या काळात रिकामं होतं, आणि रिकाम्या घरातलं रडणं फार लांबतं.

मुलं आणि सण

शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी, मोठी योजना लागत नाही. आठवड्याला एक सुवचन पाठ, आणि ते आपल्या घरातल्या नाही तर दुसऱ्या घरातल्या आजी-आजोबांना फोनवर म्हणून दाखवायचं. जोड्या शिक्षिकेने लावून द्यायच्या. लेखाच्या सुरुवातीच्या त्या आजींना नऊ वर्षांची एक मुलगी दिली होती. आता ती कॉलेजात जायच्या वयाला येतेय, आणि रविवारी अजून आजींच्याच शेजारी बसते.

सणांमध्ये मला सांगायचंय ते उत्तम शुक्रवाराबद्दल (गुड फ्रायडेबद्दल). 2020 साली तो 10 एप्रिलला आला. दुपारी बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, एरवी सात पाहुणे वक्ते. आम्ही सात घरांना एकेक उद्गार दिला. प्रत्येक घराने पाच-सात मिनिटं आपल्या शब्दांत बोलून आवाज पाठवायचा. आई योहानाच्या हाती सोपवण्याचा तिसरा उद्गार आम्ही एका विधवा बहिणीला दिला, तिचा मुलगा सुरतेत अडकला होता. ‘मला तहान लागली आहे’ हा पाचवा, डोक्यावर हंडे आणणाऱ्या कुटुंबाला. त्यांना शास्त्राची पदवी नव्हती. आम्ही सगळे आपापल्या घरात, मधल्या उन्हात, रडलो. आता चर्च उघडं आहे तरी आम्ही पाहुणे वक्ते बोलावत नाही, घरांनाच उद्गार देतो.

ईस्टरच्या पहाटेला गच्चीवर, ओट्यावर, अंगणात दिवा घेऊन उभं राहायचं आणि ठरल्या मिनिटाला एकच गाणं. नाताळला गाणी म्हणत फिरायचं तर पाचांपेक्षा जास्त नको, अंगणाबाहेरूनच, चहा-फराळाला न थांबता. हंगामाच्या उपकारस्तुतीचं धान्य दारातूनच गोळा होतं. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घरी घ्यावं का, यात वेगवेगळ्या मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. ते पाळकांनी आपल्या वरिष्ठांना विचारून ठरवावं, आणि जे ठरेल त्याचं कारण लोकांना नीट समजावून सांगावं.

चर्च उघडल्यावर

16 नोव्हेंबर 2020 नंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही इतके आनंदात होतो की फोन बंद केले. पाच महिन्यांनी पुन्हा कुलूप लागलं तेव्हा अर्धे गट विस्कटलेले होते. म्हणून आता साधे दिवस असले तरी महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी साडेसातला, गटाचा कॉल होतोच. वहीतले नंबर त्यानेच ताजे राहतात.

उघडल्यावरच्या पहिल्या चार रविवारी दाराशी एकाने वही घेऊन बसावं आणि आलेल्या घरांवर खूण करावी. हे हजेरीसाठी नाही. खूण नसलेली पानं संध्याकाळी ताया-दादांना वाटायची. कोणाला गुडघ्यामुळे येता येत नाही, कोणाला अजून गर्दीची भीती वाटते, कोणाला चांगला कपडा नाही, कोणाच्या मनात बंदच्या काळातला राग आहे, कारण त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं. अशा घरी फोन नको, जा.

आणि त्या वहीत पाळकांच्या घरालाही एक पान हवं, एका गटात त्यांचंही नाव हवं. आमच्या पहिल्या वहीत ते नव्हतं. त्यांच्या घरी सगळे आजारी पडले तेव्हा ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं. आता त्यांचा गट माझ्याकडे आहे, आणि मंगळवारी साडेसातला पहिला फोन मी तिथेच लावते.